ट्रॅक डेसाठी जुनी मियाटा: काय बघून घ्यायची आणि पहिल्या दिवसाआधी काय काय करायचं

दरवर्षी मार्च-एप्रिल आला, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की न्यू जर्सीतल्या एडिसन-प्रिन्स्टनकडच्या आपल्या मंडळींत कुणीतरी विचारतंच, ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, न्यायला सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायचीय, कुठली घेऊ? आणि विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं, एकतर मस्टँग जीटी नाहीतर जुनी बीएमडब्ल्यू एम३. मी म्हणतो माझदाची मियाटा घ्या. मग समोरचा जरा हिरमुसतो, त्याला चारशे हॉर्सपॉवर हवी असते आणि मी त्याला सव्वाशे-दीडशेवाली छोटीशी उघडी गाडी सांगतोय.

पण कारण साधं आहे, ट्रॅकवर खिसा रिकामा करते ती उष्णता. रस्त्यावर आपण कितीही पळवली तरी चार-पाच सेकंद ॲक्सिलरेटर दाबतो, मग पुढे कुणीतरी आडवं येतं. ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटं सलग एकतर पूर्ण ॲक्सिलरेटर नाहीतर जोरात ब्रेक, आणि ती सगळी ताकद शेवटी उष्णता होऊन ब्रेक, टायर, कूलंट आणि ऑइलमध्ये जाते. मस्टँगचं वजन पावणेचार हजार पौंडांच्या घरात, जुन्या मियाटाचं तेवीसशेच्या आसपास. म्हणजे थांबवायला कमी, वळवायला कमी, तापायला कमी. टायर छोटे म्हणून स्वस्त, ब्रेक पॅड छोटे म्हणून स्वस्त, आणि गाडी १९८९ पासून चालू आहे, २०१६ मध्ये दहा लाखावी बनली, त्यामुळे पार्ट्स आणि माहिती दोन्ही ढिगाने मिळतात. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे, की गाडी तापू कशी द्यायची नाही आणि पैसे कुठल्या क्रमाने घालायचे.

आधी कुठली पिढी ते ठरवा

चार पिढ्या आहेत, लोक त्यांना एनए, एनबी, एनसी, एनडी म्हणतात. एनए म्हणजे १९९० ते ९७ ची, झाकणाआडून वर येणाऱ्या दिव्यांची, दिसायला सगळ्यात गोड. त्यात १९९० ते ९३ पर्यंत १.६ लिटर इंजिन आणि ९४ पासून १.८. ट्रॅकसाठी १.८ च घ्या, कारण नुसतं इंजिन मोठं नाही तर ब्रेकही मोठे झाले आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) मजबूत आला, १.६ चा डिफरन्शियल चिकट टायरवर फार दम धरत नाही. आणि १९९० व ९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाचा प्रॉब्लेम आहे, तिथे पुली घट्ट धरणारी चावी (छोटा लोखंडी तुकडा) हळूहळू सैल होते आणि मग क्रँकच जातो. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या क्रँक पुलीला खाचा किती ते टॉर्च मारून मोजा, चार असतील तर जुनं टोक, आठ असतील तर नवीन. विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही, तो फक्त सांगत नाही.

एनबी म्हणजे १९९९ ते २००५. माझ्या मते नवख्यासाठी पैसे वसूल होतात ते इथेच. २००१ पासून व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारं इंजिन आलं, माझदाने आधी १५५ हॉर्सपॉवर सांगितली होती मग मोजमापाची बोंब झाल्यावर १४२ वर आणली आणि ज्यांनी घेतली त्यांना गाडी परत घ्यायची तयारीही दाखवली. आज तुम्हाला त्याने काही फरक पडत नाही, चालवायला छानच आहे. १९९९-२००० च्या काही इंजिनांत क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजल्याच्या तक्रारी आहेत, तेवढं मेकॅनिककडून बघून घ्या.

एनसी जरा जाड आहे पण उंच माणसाला बरी, २.० लिटर इंजिन आणि आत जागा जास्त. अजून तिला फारसं कुणी डोक्यावर घेतलेलं नाही म्हणून भावही बरे असतात. एनडी उत्तमच, पण २०१६ ते १८ मधल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत, आणि मुळात एवढ्या किमतीची गाडी पहिल्याच वर्षी भिंतीकडे न्यायची का हे ज्याचं त्याने बघावं. माझा नियम असा की जी गाडी उद्या ट्रॅकवर पूर्ण मोडली तर घरखर्चाला धक्का लागणार नाही तेवढ्याचीच घ्यायची. कर्ज काढून तर अजिबातच नाही.

शोधताना गंज पहिला, इंजिन नंतर

लोक उलटं करतात. इंजिन बदलता येतं, दुसऱ्या गाडीतलं आणून बसवता येतं, पण खालची पत्रा-चौकट गंजली की ती गाडी संपली. आपल्या ईशान्येकडे हिवाळ्यात रस्त्यांवर इतकं मीठ टाकतात की न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्येच आयुष्य काढलेली गाडी शक्यतो घेऊच नका, कॅरोलिना, जॉर्जिया, टेक्सासकडची बघा, विमानाने जाऊन चालवत आणायला लागली तरी परवडते.

गाडी बघायला जाल तेव्हा गुडघ्यावर बसायची तयारी ठेवा. मागच्या चाकाच्या अगदी पुढे, दाराखालचा जो लांबट भाग असतो तो बोटाने दाबा आणि टकटक करून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, आत पुट्टी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो. इथेच गंज का लागतो तर छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत असतात, त्या पानांनी आणि धुळीने चोंदतात, मग पाणी दाराखालच्या पोकळीत साचून आतूनच खातं. वरून रंग चकचकीत आणि आतून खलास. एनबीमध्ये आणखी एक जागा, पुढच्या बाजूला खालचे दोन लांब फ्रेम रेल, रेडिएटरच्या जवळपास, तिथे थर सुटलेले दिसले तर धन्यवाद म्हणून घरी या. भाव कितीही उतरवला तरी.

त्यानंतर इंजिन. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, मला थंड इंजिन बघायचंय. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर विचारा का. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, कूलंट स्वच्छ हवं, गढूळ तपकिरी किंवा वर तेलकट तवंग असेल तर गडबड आहे. आणि रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा, नवीन असताना काळी असते, म्हातारी झाली की तिला तपकिरी-हिरवट झाक येते आणि मग एके दिवशी ती उभी चिरते. ती झाक दिसली की गाडी नाकारू नका, फक्त रेडिएटरचे पैसे भावातून कमी करून घ्या.

एनए-एनबीचा टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, पावती मागा. पावती नाही म्हणजे बदललेला नाही असं धरून चाला, आणि बदलताना वॉटर पंप सोबतच करा कारण मजुरी तीच. क्लच दाबून-सोडून बघा, खालच्या स्लेव्ह सिलिंडरमधून गळती हा या गाडीचा जुना रोग आहे, पण दुरुस्ती स्वस्त. कॉम्प्रेशन टेस्टला, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते मोजायला, विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं, एकच एकदम खाली असेल तर नको. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मात्र नीट वाचा, सॅल्व्हेज (विमा कंपनीने मोडीत काढलेली) असेल तर ट्रॅकवर कुणी अडवणार नाही पण विकताना तुमचाही भाव तसाच पडेल, आणि अपघातात पुढची चौकट वाकलेली असेल तर अलाइनमेंट कधीच धड बसत नाही.

आता मॉडिफाय केलेल्या गाड्यांचं. परवाच एका मित्राचा मुलगा विचारत होता, काका, टर्बो लावलेली मिळतेय, साध्या गाडीच्याच भावात, घेऊ का? म्हटलं, नको रे बाबा. टर्बो म्हणजे आणखी उष्णता, आणि कुणीतरी गॅरेजमध्ये स्वतः ट्यून केलेली टर्बो म्हणजे उष्णतेसोबत त्याचे सगळे अंदाजही तुम्ही विकत घेताय. याउलट कुणी रोल बार (डोक्यामागची लोखंडी कमान), चांगले शॉक्स, मोठा रेडिएटर बसवून पावत्या जपून ठेवल्या असतील आणि आता बाळ झालं म्हणून विकत असेल, तर ती गाडी डोळे मिटून नाही पण हसत हसत घ्या. त्याने घातलेल्या पैशातला निम्माही भाव त्याला परत मिळत नाही, तो तुमचा फायदा.

घेतल्यावर लगेच काय

इथे मंडळी थेट एक्झॉस्ट आणि मोठी चाकं मागवतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. थांबा जरा. पहिले पैसे सगळ्या द्रवांवर: इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, आणि सगळ्यात महत्त्वाचं ब्रेक फ्लुइड. नवीन डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडला उकळायला किमान २३० अंश सेल्सियस लागतात, पण ते हवेतलं पाणी शोषत जातं आणि मुरलेल्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ट्रॅकवर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एवढं तापणं काही मोठी गोष्ट नाही. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि तुमचं पेडल थेट तळाला. तेही कुठे, तर सरळ रस्त्याच्या शेवटी. म्हणून मोटुल आरबीएफ ६०० सारखं तीनशे अंशांच्या वर उकळणारं फ्लुइड भरा आणि पहिल्या इव्हेंटच्या आधी नव्याने ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढून टाका. सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशात एवढं देणारी दुसरी गोष्ट नाही.

मग पॅड. रस्त्याचे पॅड तापले की पकड सोडतात आणि विटकरीसारखे घासत राहतात. हॉक, कार्बोटेक, जी-लॉक यांचे मियाटासाठी ट्रॅकचे पॅड सहज मिळतात, नवख्याने सर्वात कडक घेऊ नयेत, मधला प्रकार पुरतो. ते थंड असताना किंचाळतात, शेजारी बघतात, सवय होते. डिस्क साध्या घ्या, भोकं पाडलेल्या नकोत, त्या भोकांपासूनच तडे जातात.

कूलिंगकडे या गाडीत जास्त लक्ष द्यायला लागतं आणि त्याचं कारण मजेशीर आहे. एनए-एनबीचं इंजिन मूळचं माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांच्या घराण्यातलं. मियाटात ते उभं बसवलं तेव्हा पाणी बाहेर पडायचं तोंड मागून पुढे आणलं, त्यामुळे पाणी पुढून जाऊन पुढूनच बाहेर येतं आणि मागचं चौथं सिलिंडर बिचारं सगळ्यात जास्त तापतं. यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅटचं तोंड मागे नेणं, लोक त्याला रीरूट म्हणतात. पहिल्या वर्षी ते करायलाच हवं असं नाही, चांगला ॲल्युमिनियमचा रेडिएटर, नवे होज, नवा थर्मोस्टॅट, आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूला हवा चुकून इकडेतिकडे न जाता त्याच्यातूनच जाईल असे पत्रे-फोम नीट लावलेले, एवढं केलं तरी आपल्याकडच्या हवेत पुरतं. मूळ तापमानाचा काटा मात्र विश्वासाचा नाही, तो बराच वेळ मधेच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा खरा आकडा दाखवणारा गेज लावा.

डोकं, मान आणि सीट

छप्पर उघडणारी गाडी आहे, उलटली तर काचेची चौकट तुम्हाला वाचवणार नाही. ट्रॅक डे भरवणारे बहुतेक क्लब एनए-एनबीला रोल बार असल्याशिवाय आत घेतच नाहीत. एनसी-एनडीला मागे कंपनीचे कमानीसारखे तुकडे आहेत, काही क्लब ते मानतात, काही नाही, नाव नोंदवायच्या आधी विचारा. बार बसवल्यावर झाडूच्या दांड्याची टेस्ट असते: बारच्या वरच्या टोकापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत दांडा ठेवायचा आणि हेल्मेट घालून सीटवर बसलेल्या तुमचं डोकं त्या रेषेच्या खाली हवं. सहा फुटी माणूस इथे हमखास नापास होतो. मग सीटचं कव्हर काढून खालचा फोम कापायचा, इंच-दीड इंच सहज मिळतो, ब्रेड कापायची सुरी चालते पण घरात विचारून घ्या.

रोल बारला फोमचं कडक पॅडिंग लावा. आणि पूर्ण केज, म्हणजे चहूबाजूंचा लोखंडी पिंजरा, मात्र रस्त्यावर चालवायच्या गाडीत नको, रोज हेल्मेट न घालता बसलात आणि साधा सिग्नलवरचा धक्का बसला तरी डोकं लोखंडावर आपटतं.

हेल्मेट स्नेल या संस्थेच्या एसए प्रमाणपत्राचं हवं, मोटरसायकलचं एम वालं नाही. एसए मध्ये आगीची चाचणी असते. एसए२०२० किंवा त्याहून नवं घ्या. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, आत काय आपटलंय ते बाहेरून कळत नाही.

टायर आणि अलाइनमेंट

एनएला मूळ चौदा इंची चाकं असतात, त्या मापात धड टायर मिळत नाहीत, म्हणून पंधरा इंची चाकं घ्या आणि त्यावर २०५/५० मापाचे टायर. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा आकडा) २०० वाल्यांत हँकूक आरएस४ टिकतो आणि पकड सोडताना सांगून सोडतो, शिकायला तेच हवं. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस जास्त चिकट आहे पण लवकर संपतो आणि तुमच्या चुका झाकतो. खरं तर पहिले एक-दोन दिवस गाडीवर आहेत त्याच बऱ्या टायरवर काढले तरी चालतं, फक्त ते सहा-सात वर्षं जुने नकोत, तारीख बाजूवर चार आकड्यांत छापलेली असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

हवा गरम टायरमध्ये मोजायची. सकाळी थंड असताना २७-२८ पीएसआय ठेवलीत तर सेशननंतर बत्तीस-तेहतीसच्या आसपास येते, साधारण तिथेच राहू द्या. टायरच्या खांद्यावर छोटे त्रिकोण असतात, तिथपर्यंत रबर घासलं गेलं पाहिजे, त्याच्या पुढे बाजूच्या भिंतीवर घासलं असेल तर हवा कमी आहे.

अलाइनमेंट ही या गाडीतली खरी गंमत. एनए-एनबीत चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन हात असलेलं सस्पेन्शन) आणि सगळीकडे फिरवायचे बोल्ट, त्यामुळे पार्ट न बदलताही बरंच काही होतं. पुढे जेवढा मिळेल तेवढा निगेटिव्ह कँबर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) घ्या, दोन अंशांच्या आसपास मिळाला तर उत्तम, मागे त्याच्या जवळपास पण पुढच्याहून जास्त नको, पुढचा टो (वरून बघताना चाकांची टोकं आत-बाहेर वळणं) शून्य, मागे किंचित आत. दुकानदाराला कागदावर लिहून द्या, नाहीतर तो कंप्युटरमधला कंपनीचा आकडा लावून मोकळा होतो आणि पैसे तेवढेच घेतो. शॉक्स म्हातारे असतील तर बिलस्टीन किंवा कोनी लावा. स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) लावून गाडी जमिनीला टेकवू नका, गाडी दिसते छान आणि उड्या मारते.

जागा आणि दिवस

आपल्याला जवळ म्हणजे मिलव्हिलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क, २००८ मध्ये सुरू झालेला, त्यात थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचा आणि लाइटनिंग १.९ मैलांचा. नवख्यासाठी दोन्ही बरे, बाजूला मोकळी जागा पुष्कळ. कनेक्टिकटचा लाइम रॉक दीड मैलाचाच पण झपझप येतो, आणि तिथे रविवारी रेस होत नाहीत, शेजारच्यांनी एकोणीसशे पन्नासच्या दशकात कोर्टातून आणलेली बंदी अजून चालू आहे. वॉटकिन्स ग्लेन सगळ्यात सुंदर, एकेकाळी तिथे फॉर्म्युला वन व्हायची, पण निळे गार्डरेल अगदी अंगाशी आहेत, तिथे पहिल्या वर्षी नको.

पोर्शे क्लब, बीएमडब्ल्यू क्लब, नासा (अवकाशवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन) यांच्या ट्रॅक डेला मियाटा चालते, नवख्याला शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो. एससीसीएची (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ट्रॅक नाइट इन अमेरिका संध्याकाळची असते आणि त्यामानाने स्वस्त, पण मला पहिल्यांदा शेजारी माणूस असलेलाच बरा वाटतो. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागात आणि पुढच्याने हाताने खूण केली तरच. रेस नाही, कुणी वेळ मोजत नाही. आपलं नेहमीचं कार इन्शुरन्स बहुधा ट्रॅकवर लागू होत नाही, पॉलिसी वाचा, हॅगर्टीसारख्या इन्शुरन्स कंपन्यांकडे एकेका इव्हेंटचं वेगळं मिळतं. हेल्थ इन्शुरन्स मात्र चालू आहे ना बघा.

सकाळी डिकीतून स्पेअर टायर, जॅक, फ्लोअर मॅट, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. घरून पोहे-पराठे नेताय तर टपरवेअरही बाहेरच, कोपऱ्यावर पेडलखाली बाटली गेलेली कुणालाच परवडत नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा, माझदाचा आकडा ६५ ते ८७ फूट-पाउंड आहे, मी ऐंशीला लावतो, आणि प्रत्येक सेशननंतर पुन्हा तपासतो. ऑइल दर सेशनला बघा. पेट्रोल निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणावर ते टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि इंजिन अडखळतं, मग लोक इग्निशन कॉइल बदलत बसतात.

शेवटची फेरी ब्रेक न तापवता हळू मारा. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, आलात की हँडब्रेक ओढू नका, गरम पॅड डिस्कला चिकटून बसतात, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडाचा तुकडा सरकवा. बॉनेट उघडा. पाणी प्या, ऑगस्टमध्ये मिलव्हिलला हेल्मेट घालून बसलेला माणूस गाडीआधी तापतो, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या सेशनला डोकं जड वाटत असेल तर ते सेशन सोडून द्या, पैसे गेले तर गेले.

घरी चालवत परत जायच्या आधी पॅडची जाडी बघा. पॅडच्या मागच्या लोखंडी पाटीएवढंच घासायचं मटेरियल उरलं असेल तर टर्नपाइक हायवेवर जायच्या आधी तिथेच बदला, म्हणून रस्त्याचे जुने पॅड आणि पाने नेहमी सोबत ठेवा.